कांदळवनाची जोपासना : रोपाआधी पाण्याची वाट

पारसिकच्या डोंगररांगेवरून पश्चिमेकडे दृष्टी टाकली म्हणजे नवी मुंबईची सारी रचना एकदम ध्यानी येते. पायथ्याशी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, त्यापलीकडे रेल्वेमार्ग आणि दाट वसाहती, आणि अगदी शेवटी, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे खाडीच्या कडेने गेलेली गर्द हिरवी किनार. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आला. त्या वेळी येथे भातखाचरे, मिठागरे आणि खाजणे होती. शेतीच्या जागी शहर उभे राहिले, मिठागरे गेली. परंतु ही हिरवी किनार, कोठे तुटली तर कोठे रुंदावली असली तरी, अद्याप उभी आहे.

शासकीय कागदपत्रांत तिला कांदळवन म्हणतात. आगरी-कोळी गावांत मात्र ‘तिवर’ हाच शब्द रूढ आहे आणि तो अधिक नेमका आहे; कारण या खाडीकाठी सर्वाधिक आढळणारे झाड तिवराचेच होय. त्याखेरीज खाडीच्या मुखांशी कांदळ, मऊ चिखलात चिपी, आणि मागच्या बाजूस काजळा, मारांडी व हुरा अशा वनस्पती दिसतात. यांपैकी पांढऱ्या चिपीस २०२० साली महाराष्ट्र शासनाने राज्य कांदळवृक्षाचा मान दिला.

राज्यात आज तीनशे चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रावर कांदळवन आहे. त्याच्या संरक्षणासाठी २०१२ साली वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष निर्माण करण्यात आला. त्यानंतर लागवडीची मोहीम हे किनारी जिल्ह्यांतील नित्याचे कार्य झाले आहे. शाळा, ग्रामपंचायती, कारखाने व स्वयंसेवी मंडळे तीत उत्साहाने भाग घेतात. अशा प्रसंगी किती रोपे लावली हा आकडा कटाक्षाने नोंदवला जातो. त्यांतील किती जगली याची चौकशी तितक्या कटाक्षाने होत नाही. छायाचित्रात रोप दिसते, त्याखालची जमीन आणि तेथे येणारे पाणी दिसत नाही. वस्तुतः कांदळवनाचे जगणे-मरणे याच दोन गोष्टींवर ठरते.

भरती-ओहोटीवर वाढणारे झाड

तिवराला पाणी हवे असते, पण साचलेले पाणी नको असते. या एका वाक्यात त्याच्या जोपासनेचे बहुतेक शास्त्र सामावले आहे. खाडीतील चिखल इतका घट्ट व बारीक असतो की त्यात हवा शिरत नाही. बोटभर खोल उकरले तरी काळा, गंधकाचा वास येणारा गाळ लागतो. अशा जमिनीत मुळांनी श्वास घ्यावा कसा? यासाठी तिवराची मुळे जमिनीतून पेन्सिलीसारखे शेकडो कोंब वर काढतात. या श्वसनमुळांच्या सालीवर सूक्ष्म छिद्रे असतात. ओहोटीच्या वेळी ती उघडी पडतात, हवा आत जाते आणि खालच्या मुळांपर्यंत पोहोचते. भरतीला ती बुडतात व काही तास झाड साठवलेल्या हवेवर निभावते. दिवसातून दोनदा चालणारा हा क्रम अखंड राहिला तर झाड वाढते. श्वसनमुळे सतत पाण्याखाली राहिली, किंवा त्यांवर भराव, राडारोडा अथवा प्लास्टिकचा थर बसला, तर झाड वरून हिरवे दिसत असतानाच खालून गुदमरू लागते.

मिठाचा निचरा करण्याची त्याची रीतही निराळी आहे. तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकतो. उन्हाळ्यात पान चाटून पाहिले तरी ते खारट लागते. कांदळ मात्र बरेचसे मीठ मुळांशीच अडवतो. तथापि या सामर्थ्यालाही मर्यादा आहे. भरतीचे ताजे पाणी मिळेनासे झाले की उन्हाळ्यात जमिनीतील पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते आणि खारटपणा समुद्राच्या कितीतरी पुढे जातो. त्यातच जमीन वाळून तडकली तर गाळातील गंधकाच्या संयुगांना हवा लागते व माती आम्लधर्मी बनते. मग तेथे रोप तर जगत नाहीच, जुनी झाडेही वठतात. भरतीला मुकलेले तिवर कोणी कुऱ्हाड न लावताही मरते, ही बाब महसूल व वन अधिकाऱ्यांनी पंचनामा करताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

रोपवाटिका

तिवराची फळे पावसाळ्यात पिकतात. बी झाडावर असतानाच आतल्या आत अंकुरलेले असते. म्हणून ते वाळवून, डब्यात भरून पुढील वर्षासाठी ठेवता येत नाही. झाडाखाली नुकतीच पडलेली किंवा हात लावताच सुटणारी, टपोरी व किडीने न पोखरलेली फळे गोळा करावीत. एक दिवस पाण्यात ठेवली की वरची साल सुटते आणि आतील हिरव्या दलांची जोडी मोकळी होते. ती पिशवीतील मातीवर मुळाचा भाग खाली करून अलगद दाबावी, पुरू नये. काही दिवसांतच मूळ धरते.

कांदळाची गोष्ट याहून सोपी. त्याचे फळ झाडावरच शेंगेसारखे लांब वाढते आणि पुरेसे पक्व झाले म्हणजे फळ व शेंग यांच्या सांध्याशी पिवळसर कडे दिसू लागते. तोवर शेंग ओढून काढू नये. टोकदार बाजू खाली करून ती चिखलात सुमारे दोन-तीन बोटे उभी खोचली की पुरे. उलटी खोचलेली शेंग वाया जाते, आणि शालेय मोहिमांत हे घडते. चिपीचे फळ गरयुक्त असते, त्यातील बारीक बिया गर धुऊन वेगळ्या कराव्या लागतात, आणि तिची रोपे वाढवण्यास अधिक कौशल्य लागते.

पिशव्यांत खाडीचाच गाळ भरावा. डोंगरची लाल माती आणून तीत शेणखत मिसळण्याचा मोह बागकामाची सवय असणाऱ्यांना होतो. त्याची येथे काही गरज नाही. वाफे अशा ठिकाणी असावेत की उधाणाच्या दिवसांत भरतीचे पाणी तेथवर आपोआप येईल आणि ओहोटीला पूर्ण निघून जाईल. भरती पोहोचत नसेल तर लहान चर खणून पाणी आत घ्यावे. कोवळ्या रोपांना प्रारंभी विरळ सावली द्यावी, पुढे ती हळूहळू काढून घ्यावी. खेकडे रोपांचा बुंधा कुरतडतात, यास्तव वाफ्याभोवती बारीक जाळी लावतात. तिवराचे रोप सुमारे वीतभर ते हातभर उंच झाले, खोड हिरवे राहिले नाही आणि मुळांनी पिशवीतील गाळ धरून ठेवला, म्हणजे ते लावणीयोग्य समजावे.

ऐरोली येथे २०१७ पासून कांदळवन कक्षाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे. झाडांचे हे सारे प्रकार प्रत्यक्ष ओळखण्यास शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह तेथे एकदा अवश्य जावे.

जागेची पारख

रोप उत्तम असले तरी जागा चुकली तर सर्व श्रम व्यर्थ जातात. कांदळवनाची नैसर्गिक जागा समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर आणि उधाणाच्या भरतीरेषेच्या खाली असते. हा पट्टा उभ्या मापाने फार थोडा असतो. त्यात हातभर वर किंवा खाली गेले की निकाल बदलतो. खाली लावलेले रोप बहुतेक काळ बुडून राहते, वर लावलेले तहानेने मरते.

ही पातळी ठरवण्यास मोजणीचे यंत्र लागतेच असे नाही. लागवडीच्या जागेजवळच्या निरोगी तिवरात एक काठी आणि नियोजित जागेत दुसरी काठी रोवावी. दोन्ही काठ्यांना पाण्याने सहज धुतला जाईल असा खडू किंवा कावेचा लेप द्यावा. एकाच भरतीनंतर दोन्हींवरील ओलीची खूण जमिनीपासून मोजावी. खुणा जवळपास सारख्या उंचीवर आल्या तर जागा योग्य. नव्या जागेतील काठी बरीच अधिक बुडाली असेल, तर तेथे लागवड करू नये. हा प्रयोग उधाणाच्या व भांगाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आणि अष्टमीच्या सुमाराच्या, दोन्ही भरतींना करावा. माध्यमिक शाळेतील मुले तो सहज करू शकतात आणि भूगोलाच्या पुस्तकातील भरती-ओहोटीचा धडा त्यातून जितका कळतो तितका फळ्यावरील आकृतीतून कळत नाही. गावातील कोळी बांधवांस उधाण केव्हा, भांग केव्हा हे पंचांग न पाहताही सांगता येते. त्यांना प्रथम विचारावे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ओहोटीला उघडी पडणारी, झाड नसलेली चिखलपट्टी अनेकांस ओसाड वाटते व तेथे रोपे लावावीत असे सुचते. ठाणे खाडीतील ही चिखलपट्टी ओसाड नाही. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हजारो रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, तीवरच चरतात. निवट्या आणि शिंपले तीतच राहतात. २०१५ साली येथे १,६९० हेक्टरांचे रोहित पक्षी अभयारण्य घोषित झाले, आणि त्यात ८९६ हेक्टर कांदळवन व ७९४ हेक्टर जलक्षेत्र आहे. म्हणजे उघड्या पाण्यालाही कांदळवनाच्या बरोबरीने संरक्षण मिळाले. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला तो या संपूर्ण पाणथळीला, केवळ झाडांना नव्हे. खाडीत गाळ साचत गेल्याने तिवर आपोआपच चिखलपट्टीवर पुढे सरकत आहे. त्यात माणसाने आणखी भर घालण्याचे कारण नाही. फिलिपाईन्समध्ये अनेक ठिकाणी अशाच खालच्या पट्ट्यांवर कांदळाच्या शेंगा ओळीने खोचण्यात आल्या आणि त्यांतील बहुसंख्य रोपे जगली नाहीत. खर्च झाला, चिखलपट्टीही बिघडली.

पाण्याची वाट

मग लागवड करावी कोठे? जेथे पूर्वी कांदळवन होते आणि आता नाही, अशा जागी. परंतु तेथेही पहिला प्रश्न रोपांचा नसून, ते वन गेले का, हा असतो.

नवी मुंबईत या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच वेळा रस्त्याखाली सापडते. डोंगरातून येणारे ओढे पूर्वेकडून पश्चिमेस वाहतात, भरती पश्चिमेकडून पूर्वेस येते. रेल्वे, पाम बीच मार्ग आणि इतर रस्ते मात्र उत्तर-दक्षिण जातात. ज्या ज्या ठिकाणी रस्ता व पाणी यांची गाठ पडते, तेथे मोरी असावी लागते, ती पुरेशी रुंद असावी लागते, आणि ती योग्य पातळीवर असावी लागते. मोरी उंचावर बसवली तर केवळ उधाणाचे पाणी आत येते व भांगाच्या दिवसांत आतील तिवर कोरडे राहते. मोरी गाळाने किंवा राडारोड्याने अर्धी भरली तर आत आलेले पाणी वेळेवर बाहेर पडत नाही. दोन्ही परिस्थितींत पलीकडची झाडे उभी आणि अलीकडची वठलेली, असे दृश्य दिसते. असे दृश्य दिसेल तेथे रोपांची मागणी करण्यापूर्वी मोरी पाहावी.

नेरूळच्या पाणथळ तलावाने या गोष्टीची किंमत दाखवून दिली आहे. भरतीच्या वेळी खाडीची चिखलपट्टी बुडाली की रोहित पक्षी विसाव्यासाठी अशा उथळ तलावांवर येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात भरतीचे पाणी पुरेसे न पोहोचल्याने हा तलाव कोरडा पडला, आणि त्याच हंगामात शहरात अनेक रोहित पक्षी दगावले.

पाण्याची वाट खुली केली की काय घडते याची उदाहरणे देशात व परदेशातही आहेत. तामिळनाडूतील पिचावरम येथे पूर्वी पट्टे पाडून वृक्षतोड होत असे. उघडी पडलेली जमीन उन्हाने वाळून खचली व बशीसारखी खोलगट झाली. भरतीचे पाणी तीत येई पण परत जात नसे, आणि क्षार साचत जाई. १९९० च्या दशकात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान व तेथील वन विभाग यांनी स्थानिक गावकऱ्यांच्या सहभागाने मुख्य चर आणि त्याला माशाच्या काट्याप्रमाणे तिरपे उपचर खणले. पाणी येऊ-जाऊ लागले, क्षार धुपले, आणि चरांच्या उतारावर लावलेले तिवर वाढीस लागले. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील वेस्ट लेक येथे रॉबिन लुईस या शास्त्रज्ञाने तर जमिनीवरील जुना भराव काढून पातळी व प्रवाह नीट करण्यावरच भर दिला. कांदळाची रोपे न लावता, भरतीबरोबर वाहून आलेल्या बियांनीच तेथे वन उभे केले.

ठाणे खाडीत तिवराच्या बियांची वाण नाही. पावसाळ्यात प्रत्येक भरतीबरोबर त्या किनाऱ्याला लागतात. जेथे पाणी नीट येते व जाते तेथे एक पावसाळा नुसती वाट पाहण्यास हरकत नसावी. बिया रुजल्या तर रोपवाटिकेचा खर्च वाचतो. रुजल्या नाहीत तर जागेत अजून काही दोष आहे असे समजावे, आणि तो शोधावा.

धारण तलावांचा पेच

नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीहून सखल जमिनीवर वसला आहे. तेथे पावसाचे पाणी तुंबू नये यासाठी सिडकोने धारण तलावांची योजना केली. भरतीच्या वेळी खाडीच्या बाजूचे दार पाण्याच्या दाबाने मिटते, डोंगरावरून आलेले पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की दार उघडते व पाणी खाडीत जाते. ही पद्धत हॉलंडहून आल्याचे सांगतात, आणि ते खरेही आहे. परंतु खारभूमीवर भात पिकवणारा आगरी शेतकरी आपल्या बांधाच्या उघाडीत हेच तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आला आहे. उघाडीची झाप तुटली की आख्खे खाचर खारे होते, हे त्याला सांगावे लागत नाही. बांधाबाहेर तिवर असले म्हणजे लाटेचा पहिला मारा त्यावर बसतो व बांध टिकतो, हेही त्याला ठाऊक असते.

कालांतराने या तलावांत गाळ साचला आणि गाळावर तिवर उगवले. आता गाळ काढावा तर झाडे जातात, न काढावा तर मुसळधार पाऊस व उधाण एकाच वेळी आल्यास वस्तीत पाणी शिरते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने राज्यभर कांदळवनाची तोड व त्यापासून ५० मीटरच्या आतील बांधकाम यांस मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती कायम केली. सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची अनुमती आवश्यक ठरली. हा पेच दोन्ही बाजूंनी खरा आहे. पाण्यात उभ्या घरातील रहिवाशास झाडांचे महत्त्व ऐकवून तो सुटत नाही, आणि झाडांना अडथळा म्हणूनही सुटत नाही. त्यातून एवढा बोध मात्र निश्चित घेता येतो की, तलाव, नाला किंवा मोरीचे मुख या ठिकाणी उत्साहाने तिवर लावू नये, आणि तेथील गाळ झाडे उगवण्याइतका साचू देऊ नये. नियमित सफाई झाली असती तर पुढची परवानगी मागण्याची वेळच अनेक ठिकाणी आली नसती.

लावणी आणि देखभाल

लावणीस पावसाळ्याचा काळ मानवतो, कारण त्या वेळी खाडीच्या पाण्याचा खारटपणा उतरलेला असतो. उधाण ओसरून भांग लागताना लावणी केल्यास पुढील उधाणापूर्वी रोपास पाय रोवण्यास काही दिवस मिळतात. पिशवी पूर्ण काढून टाकावी. प्लास्टिकसह पुरलेले रोप पुढे खुंटते, आणि खाडीत कचऱ्याची भर पडते ती निराळीच.

पहिली तीन वर्षे लक्ष द्यावे लागते. भरतीबरोबर आलेले प्लास्टिक आणि जुन्या जाळ्यांचे तुकडे कोवळ्या रोपांना वेटोळे घालून आडवे पाडतात. ते ओहोटीला हातानेच काढावेत. यासाठी शंभर माणसांचा जथा चिखलात उतरवण्यापेक्षा दहा माहितगार माणसे बरी. श्वसनमुळे पायाखाली मोडली तर सफाईने लाभापेक्षा हानी अधिक होते. रोपांच्या खोडावर शंखकवचे बसली असतील तर ती हलक्या हाताने खरवडावीत. गुरे सोडू नयेत, म्हशींना तिवराचा पाला विशेष आवडतो. मेलेल्या रोपांच्या जागी पुढील पावसाळ्यात नांगी भरावी. परंतु एकाच तुकड्यातील रोपे पुनःपुन्हा मरत असतील तर तिसऱ्यांदा नांगी न भरता पाण्याची तपासणी करावी.

कांदळवनाची जमीन बहुतेक ठिकाणी अधिसूचित वनक्षेत्र असल्याने, लागवड असो वा चर खणणे असो, वन विभागाच्या अनुमतीविना काहीही करू नये. पनवेल-उरण भागातील ज्या गावांत अद्याप ग्रामपंचायती आहेत, त्यांनी २०१७ पासून सुरू झालेल्या कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजनेची माहिती कक्षाकडून घ्यावी. खेकडापालनासारखे व्यवसाय कांदळवन राखूनच करता येतात. भराव, तोड अथवा भरतीचा मार्ग अडवल्याचे आढळल्यास तक्रार निकामी जात नाही. न्यायालयाच्या निर्देशानुसार कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली यासाठी समिती आहे आणि आयुक्तांचे कार्यालय बेलापुरातील कोकण भवनातच आहे. तक्रारीसोबत जागेचा सर्व्हे क्रमांक, मोरीचे ठिकाण आणि भरती व ओहोटी या दोन्ही वेळांची छायाचित्रे जोडावीत. एकाच वेळेचे छायाचित्र पाणी अडले आहे हे सिद्ध करीत नाही.

चार-पाच वर्षांनी झाडाभोवती श्वसनमुळांची दाटी झाली आणि त्यांच्या आधाराने आपोआप रुजलेली रोपे दिसू लागली, म्हणजे लागवड स्थिर झाली असे मानावे. त्यानंतर रोपे वर्षातून एकदा मोजली तरी चालते. मोऱ्या मात्र दर पावसाळ्याच्या आधी व नंतर पाहाव्या लागतात.